तालुक्याच्या गावी किरायाचं घर: प्लॉटच्या आधी किरायेदार शोधा

कापसाचे पैसे हाती आले, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळाला, कुणी नोकरीतून निवृत्त झालं, की आपल्या भागात पहिला विषय प्लॉटचा निघतो. एक प्लॉट घेऊन टाकू, दोन ब्लॉक (स्वतंत्र छोटी घरं) काढू, महिन्याला किराया येत राहील. मीही असाच निघालो होतो. समृद्धी महामार्गाचं काम चालू होतं तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर ठेकेदार कंपनीचा मोठा कॅम्प पडला होता. सुपरवायझर, डंपरचे ड्रायव्हर, मोजणीवाली पोरं खोली मागत दारोदार फिरायची. मी घरामागच्या जागेत चार खोल्या बांधल्या, चौघांत मिळून एक संडास-बाथरूम. दोन वर्षं एकही खोली रिकामी राहिली नाही. मग आमच्या भागातलं काम संपलं, कॅम्प उठला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला तेव्हा माझ्या चारही खोल्यांना कुलूप होतं, आणि ते पुढे चौदा महिने राहिलं. गावातल्या शिक्षकाला किंवा बँकेतल्या बाबूला सामाईक संडासाची खोली नको असते. मी खोल्या बांधल्या होत्या त्या कॅम्पसाठी, गावासाठी नव्हेच.

म्हणून पहिल्यांदाच या वाटेला लागणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे. सगळं विदर्भातल्या लहान गावांना आणि तालुक्याच्या ठिकाणांना धरून आहे. नागपूर-अमरावती शहरातल्या फ्लॅटचं गणित निराळं असतं.

पहिली पायरी: किरायेदार इथे का येतो, ते लिहून काढा

शहरात घर रिकामं झालं तर महिन्याभरात दुसरा माणूस येतो. आपल्या गावात किरायेदार मोजकेच, आणि प्रत्येकाचं येण्याचं एक ठरलेलं कारण असतं. वणी, घुग्घुस, भद्रावती भागात कोळसा खाणी आहेत. गडचांदूरला सिमेंट आहे, तिरोड्याला वीज प्रकल्प आहे, ब्रह्मपुरीला कॉलेजं आणि दवाखाने आहेत. बाकी बहुतेक तालुक्यांच्या गावी कारण म्हणजे तहसील, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय, दोन-तीन बँका, महावितरण, वन खातं आणि शाळा.

एक वही घ्या आणि गावात दोन रविवार फिरा. पानठेल्यावर, मेसवाल्या ताईंकडे, दूधवाल्याकडे विचारा. कोणत्या घरात बाहेरगावचा माणूस राहतो, किती किराया देतो, आधीचा का गेला. दूधवाल्याला सगळं माहीत असतं, कारण नवा माणूस आला की पहिल्या दोन दिवसांत तो त्याच्याकडेच येतो. वहीत प्रत्येक कारणापुढे लिहा: याला मुदत आहे का? रस्त्याचं, कालव्याचं, पुलाचं काम मुदतीचं असतं. खाणीलाही आयुष्य असतं, पण ते वीस-पंचवीस वर्षांचं असू शकतं. शाळा आणि दवाखाना राहतात, त्यातली माणसं बदलतात. मुदतीच्या कारणासाठी नवीन बांधकाम करू नका, हे माझं ठाम मत आहे. त्या काळापुरती असलेली खोली द्या, चार पैसे कमवा, पण त्या भरवशावर कर्ज काढून भिंत उभारू नका.

दुसरी गोष्ट अपडाऊनची. तहसीलमध्ये साठ माणसं कामाला आहेत म्हणून साठ किरायेदार मिळतील असं धरू नका. निम्म्याहून अधिक जण जिल्ह्याच्या ठिकाणाहून रोज ये-जा करतात. मुलांच्या शाळेसाठी घर अमरावतीला किंवा यवतमाळला, आणि नोकरी इथे. सकाळी साडेनऊच्या एसटीजवळ अर्धा तास उभे राहिलात तर तुमच्या गावातले किती 'किरायेदार' प्रत्यक्षात प्रवासी आहेत ते डोळ्यांनी दिसेल. यातलाच कुणी येऊन म्हणेल, "भाऊ, राहायचं नाही, फक्त मुख्यालयी राहतो असं दाखवायला किरायापत्र करून द्या ना." देऊ नका. खोट्या कागदावर तुमची सही असते, चौकशी लागली की तुम्हालाही बोलावतात.

माणसं मोजून झाली की त्यांना काय हवं ते विचारा. मला आलेली उत्तरं जवळपास सारखीच होती: स्वतंत्र संडास, स्वतंत्र मीटर, उन्हाळ्यात पाणी, आणि कूलर बसेल अशी खिडकी. फरशी कोणती, पीओपी आहे का, हे कुणीच विचारलं नाही.

दुसरी पायरी: गणित कागदावर मांडा, तोंडी नको

एक नमुना देतो. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा करा.

प्लॉट ६ लाख. रजिस्ट्री आणि कागदपत्रं ५० हजार. ९०० चौरस फूट बांधकाम, १,६०० रुपयांनी १४ लाख ४० हजार. बोअर, सेप्टिक टाकी, दोन मीटर, कंपाउंड मिळून २ लाख. एकूण २२ लाख ९० हजार. त्यात दोन ब्लॉक, प्रत्येकी ५ हजार किराया, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. इथपर्यंतचं गणित सगळेच करतात.

आता वजा करा. प्रत्येक ब्लॉक वर्षातून दीड महिना रिकामा राहील असं धरा, १५ हजार गेले. घरटॅक्स ४ हजार. रंग, नळ, मोटर, गळती यासाठी १५ हजार. विमा आणि किरकोळ ३ हजार. हातात राहिले ८३ हजार. २२ लाख ९० हजारांवर ते साडेतीन टक्क्यांच्या थोडं वर पडतात. बँकेतली मुदत ठेव कसलीही धावपळ न करता यापेक्षा जास्त देते.

कर्ज घेतलं असेल तर चित्र आणखी अवघड होतं. १० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, १५ वर्षं, तर हप्ता महिन्याला सुमारे १०,१४० रुपये. म्हणजे दोन्ही ब्लॉक भरलेले असतानाही सगळा किराया हप्त्यात जातो आणि वर दीडशे रुपये खिशातून. तुमचे स्वतःचे जवळपास १३ लाख अडकले ते वेगळेच. एक ब्लॉक तीन महिने रिकामा राहिला तर ते १५ हजार कुठून आणणार, हे कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी ठरलेलं पाहिजे. मी म्हणतो, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय कर्जाला हात लावू नका. कापूस-सोयाबीनवाल्या घरात तर हे फारच जरुरी आहे, कारण पीक बुडतं त्या वर्षी गावचा बाजारही थंड असतो आणि दुकानाचा किरायाही त्याच वर्षी थकतो. दोन्ही उत्पन्नं एकाच पावसावर उभी असतात.

मग करायचंच कशाला? माझ्या मते दोन परिस्थितींत करावं. जागा आधीपासून घरची असेल, म्हणजे प्लॉटचे सहा लाख वाचतात. वरच्याच उदाहरणात परतावा पाच टक्क्यांवर जातो. किंवा जागेची किंमत वाढेल याला ठोस कारण असेल आणि किराया हा फक्त सांभाळखर्च काढण्यापुरता धरला असेल. "पुढे रस्ता होणार आहे" हे ठोस कारण नव्हे. भूसंपादनाची अधिसूचना निघाली का, ते पाहा. आणि निघाली असेल तर तुमचाच प्लॉट त्यात जातो का, तेही पाहा.

तिसरी पायरी: कागद, आणि पुन्हा कागद

आपल्याकडे सर्वांत जास्त पैसा इथे बुडतो. घाई करणारा दलाल म्हणेल, "घ्या ना भाऊ, काही नाही होत, सगळ्यांनी असंच घेतलं." सगळ्यांनी घेतलं असेल. तुम्ही इसार देण्याआधी थांबा.

पहिला गैरसमज नमुना ८ चा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव असणं म्हणजे टॅक्स कोणाकडून घ्यायचा त्याची नोंद. तो मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातलं, म्हणजे गावाच्या वस्तीच्या हद्दीतलं, घर असेल तर आखीव पत्रिका म्हणजे मालमत्ता पत्रक मागा. शहरी भागात ती फार आधीपासून मिळते. खेड्यांच्या गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देण्याची स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली, आणि तुमच्या गावची मोजणी झाली का ते भूमी अभिलेख कार्यालयात कळतं. गावठाणाबाहेरचा प्लॉट असेल तर सातबारा, फेरफार (नाव किंवा हक्क बदलल्याची नोंद), मंजूर लेआउटचा नकाशा आणि अकृषिक वापराचा कागद लागतो. शेताचे तुकडे पाडून चुन्याने रेषा मारलेल्या 'लेआउट'मध्ये मोकळी जागा, नाली, रस्ता कुणाच्याच नावावर नसतो. या बाबतीतले नियम गेल्या काही वर्षांत बरेच बदलले आहेत, त्यामुळे विकणाऱ्याचं तोंडी सांगणं सोडा आणि नकाशा घेऊन तहसील व नगररचना कार्यालयात स्वतः विचारा.

सातबाऱ्यावर काय वाचायचं? भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. 'भूदान' (चळवळीत दान म्हणून दिलेली जमीन) असा शब्द दिसला तर तिथेच थांबा. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का पाहा. कर्ज फिटलेलं असलं तरी बोजा उतरवलेला नसतो, हे फार जागी आढळतं. जुन्या फेरफारात आदिवासी खातेदाराचं नाव आलं असेल तर तो व्यवहार वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊच नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीविना जाऊ शकत नाही, अगदी भाडेपट्ट्यानेही नाही. हा कायदा त्यांच्या रक्षणासाठी आहे आणि तो पाळलाच पाहिजे. परवानगीविना घेतलेली जमीन पुढे परत करावी लागते.

आता आपल्या भागाच्या खास अडचणी. अमरावती विभागात ई-क्लास म्हणजे सरकारी जमीन. तिच्यावर वर्षानुवर्षं उभी असलेली घरं आणि दुकानं सर्रास 'कब्जा' म्हणून विकली जातात. पूर्व विदर्भातल्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल ही नोंद पाहा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये झुडपी जंगलाची जमीन वनजमीनच आहे असा निकाल दिला. जुन्या गावांत नझूलचे, म्हणजे वस्तीतल्या सरकारी जमिनीचे, पट्टे आहेत. तिथे पट्ट्याची मुदत, नूतनीकरण झालं का, शर्तभंग आहे का, हे पाहावं लागतं. आखीव पत्रिकेवर धारणाधिकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरली आहे त्याचा, रकाना असतो, तो वाचून घ्या. कोळसा पट्ट्यात १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली ते गाव अधिसूचित झालं आहे का तेही विचारा. तिथे संपादनाचा धोका आहेच, शिवाय खाणीतल्या ब्लास्टिंगने भिंतींना तडे जातात.

यानंतर माणसं. विकणाऱ्याचे वडील वारले असतील तर वारसांचा फेरफार झाला का आणि त्यात बहिणी आहेत का? हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. "बहिणींचं काही म्हणणं नाही" असं भाऊ सांगतो, आणि दहा वर्षांनी भाचा नोटीस पाठवतो. बहिणींनी रजिस्ट्रीवर सही करावी किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्यावं. ते त्यांच्या पूर्ण मर्जीने व्हावं, दबाव टाकून नको. त्यांना त्यांचा हिस्सा पैशात देऊन सह्या घेणारी घरंही मी पाहिली आहेत, आणि त्या व्यवहारांत पुढे भांडण झालेलं मला तरी माहीत नाही.

मुखत्यारपत्रावर किंवा साध्या स्टॅम्पपेपरवरच्या सौद्याने घर घेऊ नका. तेवढ्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं विक्रीपत्र हवं. त्याआधी तीस वर्षांचा शोध अहवाल (आधीचे व्यवहार आणि बोजे तपासलेला) वकिलाकडून काढून घ्या, पाच-सात हजार लागले तरी. २० हजार किंवा त्याहून जास्त रोखीत देऊ-घेऊ नका, आयकराचा नियम आहे. आणि पुढे वाद झाला तर बँकेची नोंदच तुमच्या कामी येते. राहत्या घराची खरेदी पत्नीच्या, आईच्या नावे केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. पण नाव तिचं तर निर्णयही तिला विचारून व्हावा, एवढं तरी आपण पाळू या.

रजिस्ट्री झाली म्हणजे काम संपलं असं नाही. पटवाऱ्याकडे फेरफार, ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेत टॅक्सची नोंद आणि महावितरणचं मीटर, तिन्ही आपल्या नावावर करून घ्या.

चौथी पायरी: माती, पाणी, ऊन

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतला की दोन-तीन वर्षांत दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे निघतात. जुनं घर विकत घेताना मी आधी हे कोपरे पाहतो, आणि नवा रंग दिलेला असेल तर शेजाऱ्यांना विचारतो. नवीन बांधताना पाया मुरुमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर इंजिनियरला विचारून पाइल घ्या. प्लिंथ बीम वाचवू नका. भरणी मुरुमाची करा, खोदून निघालेली काळी माती परत आत टाकू देऊ नका. मिस्त्री टाकतो, कारण ती फुकट असते. घराभोवती दोन-तीन फुटांची पक्की पट्टी काढा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही. उधळी (वाळवी) लागू नये म्हणून पायातच औषध मारून घ्या.

पूर्वेकडे धानपट्ट्यात नदीचा विचार आधी. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला तेव्हा भंडारा शहरात आणि ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावांत पाणी शिरलं होतं. प्लॉट पाहताना जवळच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं. भिंतीवर हात ठेवून दाखवतात. जोतं (घराचा चौथरा) त्याच्या वर घ्या, किंवा ती जागा सोडा.

पाण्याची परीक्षा मे महिन्यातच होते. दिवाळीत बोअरला पाणी आहे हे कळून उपयोग नाही. शक्य तर सौदा उन्हाळ्यात करा, पाच घरांत जाऊन विचारा, टँकर कितींदा आला. ज्या ब्लॉकला मे-जूनमध्ये पाणी आहे तो सहसा रिकामा पडत नाही.

उन्हाचं म्हणाल तर आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि उघड्या स्लॅबखालची खोली रात्री बारापर्यंत तापलेली असते. गच्चीला पांढरा चुना, पश्चिमेच्या भिंतीला खिडकी कमी, आणि कूलरसाठी बाहेरून लोखंडी स्टँड व जवळच नळ. हा खर्च थोडा आहे, पण एप्रिलमध्ये घर सोडून जाणारे किरायेदार यानेच थांबतात.

घराचा विमाही घ्या. 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक स्वरूपाची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, वीज पडणं, वादळ, पूर तिच्यात येतात. आपल्या गावात हा विमा काढलेलं घर मला अजून शोधावं लागतं.

दुकान किंवा गोदाम बांधणार असाल तर थोडं वेगळं. कृषी केंद्राला मे ते जुलै जागा लागते, कापसाच्या व्यापाऱ्याला दसऱ्यापासून पुढे. दोघांशीही वर्षाचा करार करा, हंगामाचा नको, नाहीतर सहा महिने शटर खाली. कापूस ठेवायला देणार असाल तर आगीचा धोका धरा आणि विम्यात ते स्पष्ट लिहून घ्या, न सांगता ठेवलेल्या मालामुळे दावा अडकू शकतो. दुकानाला घरगुती मीटरवर वीज देऊ नका. तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचं बिल मीटर ज्याच्या नावावर आहे त्याला येतं. महामार्गाकडेला बांधताना नियंत्रण रेषा, म्हणजे रस्त्यापासून किती अंतर सोडायचं ते, बांधकाम विभागात विचारून घ्या. रुंदीकरणात ओटे आणि शटर गेलेली दुकानं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

आणि शेतात किंवा गच्चीवर मोबाइल टॉवर बसवून महिन्याला हजारो रुपये देतो असा फोन आला, आधी 'नोंदणी फी' भरा म्हणाला, तर ती फसवणूक आहे. ट्राय (दूरसंचार नियामक संस्था) अशी कोणतीही परवानगी देत नाही आणि खरी कंपनी जागामालकाकडून आधी पैसे मागत नाही.

पाचवी पायरी: माणूस निवडणं आणि करार

नवीन माणसाला तीन गोष्टी विचारा: कामाचं ठिकाण कोणतं, आधी कुठे राहत होता, किती जण राहणार. आधीच्या घरमालकाला फोन करा. ओळखपत्राची प्रत घ्या, पोलीस ठाण्यात किरायेदाराची माहिती द्या, खेड्यात पोलीस पाटलालाही सांगा.

जात विचारू नका. बाहेरगावहून आलेल्या दलित, आदिवासी, मुस्लिम शिक्षकांना, नर्सताईंना आपल्याच गावांत खोली मिळत नाही. आडनाव ऐकून "आताच दिली" असं सांगितलं जातं. हे चूक आहे. बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली तो हा प्रदेश आहे. किराया वेळेवर देणं आणि घर नीट ठेवणं, एवढ्या दोनच कसोट्या लावा.

करार लेखी आणि नोंदणीकृत करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ज्या हद्दीत लागू आहे, तिथे कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदवलेला असणं बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय लेखी करार नसेल तर अटींबद्दल किरायेदार जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. राहण्यासाठी देताना लिव्ह अँड लायसन्स म्हणजे अनुज्ञप्ती करार करा. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाईची तरतूद आहे. तुमचं गाव या कायद्याच्या हद्दीत येत नसेल तरीही नोंदणी करा, खर्च अगदी किरकोळ आहे. एकूण किरायावर पाव टक्का मुद्रांक, नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५०० आणि नगरपरिषद हद्दीत १,००० रुपये. आधार जोडलेला असेल तर घरबसल्या ऑनलाइन होतं.

करारात मुदत, किराया, दरवर्षीची वाढ, डिपॉझिट, वीजबिल कोणाचं, किती दिवस आधी सांगून सोडायचं, जनावरं किंवा दुकान चालेल का, हे लिहा. राहायला येण्याच्या दिवशी दोघांनी मिळून भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढा. डिपॉझिटवरून होणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतात. डिपॉझिट मी दोन महिन्यांचं घेतो, आणि ते खर्च न करता वेगळ्या खात्यात ठेवतो, कारण ते माझं नसतं.

सहावी पायरी: किराया थकला तर

दर महिन्याला पावती द्या, किंवा पैसे खात्यातच घ्या. पहिला महिना चुकला की लगेच जाऊन बसा, चहा घ्या, कारण विचारा. पगार अडकला असेल, दवाखाना लागला असेल. तारीख ठरवून घ्या आणि ती फोनवर संदेशाने लिहून पाठवा. दुसरा महिना चुकला तर वकिलामार्फत लेखी नोटीस. तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नका. ओळखीतल्या एका काकांनी लाजेखातर अकरा महिने पाहिली आणि माणूस रात्रीतून सामान घेऊन गेला.

राग आला म्हणून वीज-पाणी तोडणं किंवा स्वतःचं कुलूप ठोकणं मात्र कधीच करू नका. भाडे नियंत्रण कायद्यात आवश्यक सेवा तोडायला मनाई आहे, आणि एकदा ते केलंत की तक्रारदार तुम्ही राहत नाही, तो होतो. दुसरीकडे, "बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं" ही भीतीही मनातून काढा. तुमच्या परवानगीने, किराया देऊन राहणारा केवळ वर्षं मोजून मालक होत नाही. ज्यांना कागदाशिवाय, नात्याखातर राहायला दिलं आहे त्यांच्यासाठी मात्र साधा का होईना, लेखी कागद करून ठेवा.

आयकर थोडक्यात

मिळालेल्या किरायातून भरलेला घरटॅक्स वजा करायचा, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, आणि कर्जाचं व्याजही वजा होतं. दुरुस्तीची वेगळी बिलं दाखवायची गरज नाही. नवीन कर पद्धतीत घराचा तोटा पगारातून किंवा इतर उत्पन्नातून वजा करता येत नाही, त्यामुळे मोठं कर्ज असेल तर पद्धत निवडण्याआधी सीएला विचारा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं म्हणून किरायाही त्यातच दाखवणारे आहेत. तसं करू नका.

माझ्या त्या चार खोल्या मी शेवटी मधल्या भिंती काढून दोन ब्लॉक केल्या, दोन्हींना वेगळा संडास, वेगळं मीटर, मागच्या बाजूला कूलरची खिडकी. सव्वातीन लाख लागले. एका ब्लॉकमध्ये आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आणि त्यांची आई राहतात, दुसऱ्यात कॉलेजचे सर. बदल्या मे-जूनमध्ये निघतात आणि शाळा विदर्भात जूनच्या शेवटी उघडते, म्हणून मी एप्रिलमध्येच दोघांना विचारून ठेवतो: यंदा काय वाटतं, राहणार का? 'नाही' असं उत्तर आलं तर मेसवाल्या ताईंना त्याच संध्याकाळी सांगतो आणि गच्चीचा चुना त्याच आठवड्यात मारून घेतो.